बटू दीर्घिकेतले जास्तीचे तेवीस

जानेवारीतला दुसरा शनिवार, दुपारची जेवणं उरकल्यावर. बेरीज आली एकाहत्तर. अपेक्षा अठ्ठेचाळीसच्या आसपासची होती. हजर तिघं: माझी बायको, माझी आई आणि मी. ठिकाण दहिसरच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. लॅपटॉपचं झाकण पूर्ण उघडावं म्हणून लोणच्याची बरणी तेवढी बाजूला सरकवली होती.

एकाहत्तर हा प्रकाशकणांचा आकडा. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका दुर्बिणीने गेल्या कित्येक वर्षांत एका बटू दीर्घिकेच्या दिशेने आलेले गॅमा किरण टिपले, त्यांतले बायकोच्या कामात धरण्याजोगे एवढे. कुठल्याही दिशेने भटके कण येतच असतात. या दिशेने ते अठ्ठेचाळीस असावेत असा तिचा हिशेब होता. म्हणजे तेवीस जास्त. त्या तेवीसांनी पुढचे दोन आठवडे आमच्या घरात आणि सोसायटीत जे घडवलं ते लिहून ठेवतो आहे, कारण त्या दिवसांत माझी बायको जशी वागली त्याचा मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त अभिमान आहे.

आधी ती काय शोधत होती ते सांगतो. ती पार्ल्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बेचाळिसाव्या वर्षी तिने पीएचडीला नाव घातलं. विषय, बटू दीर्घिकांमध्ये डार्क मॅटरच्या खुणा शोधणं. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअर्सचा हिशेब बघतो, म्हणून तिने मला माझ्या भाषेत समजावलं. समज, रॅकवर माल दिसतोय एक टन, पण रॅक वाकलाय शंभर टन ठेवल्यासारखा. मग न दिसणारा माल तिथे आहे असं मानावं लागतं की नाही? बटू दीर्घिका तशा असतात. आपल्या आकाशगंगेच्या आसपास घुटमळणारे ताऱ्यांचे लहान लहान समूह. तारे थोडे, पण त्यांची धावपळ अशी की दिसतं त्याच्या कितीतरी पट वजन तिथे असायला हवं. ते न दिसणारं वजन म्हणजे डार्क मॅटर.

"ते कशाचं बनलंय?" मी विचारलं होतं.

"ते माहीत असतं तर मी अजून फर्स्ट इयरचे पेपर तपासत बसले असते का?"

एक अंदाज असा आहे की या द्रव्याचे कण एकमेकांवर आपटून नष्ट होतात आणि जाताना थोडा गॅमा प्रकाश सोडतात. तो प्रकाश शोधायचा. मोठ्या दीर्घिकेच्या पोटात शोधायला गेलं तर तिथे फुटलेले तारे, तापलेला वायू, सगळ्यांचाच प्रकाश, त्यात हा कुठला ओळखायचा? बटू दीर्घिकांमध्ये वायू जवळजवळ नाही, तारे म्हातारे, नवीन काही घडत नाही. सुट्टीच्या दिवशी शाळा असते तशी शांतता. तिथे कुणी खोकलं तरी ऐकू यावं. अशा बावीस दीर्घिका तिने निवडल्या होत्या.

साडेचार वर्षं ती लेक्चरच्या आधी पहाटे उठून हे काम करत होती. त्या काळात डबे करायचं माझ्याकडे आलं. भाजी, आमटी, पोळ्या जमल्या. भाकरी अजून फुटते. कारखान्यात माझी थट्टा व्हायची. "वहिनी तारे मोजतात आणि हा इथे वॉशर मोजतो. घरात मोजणीशिवाय काही चालतं का रे?" मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. दोघंही बरोबर मोजत होतो.

या कामाची एक रीत मला पहिल्यापासून पटली. माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसायला लागतं, म्हणून खऱ्या जागेकडे आधी बघायचंच नाही. दीर्घिकांच्या शेजारच्या रिकाम्या आकाशावर सगळी पद्धत बसवायची. काय मोजायचं, कसं मोजायचं, किती जास्त आलं तर त्याला जास्त म्हणायचं, हे ठरवून तिच्या मार्गदर्शक सरांना लिहून द्यायचं. मगच खरी माहिती उघडायची, एकदाच, आणि उघडल्यावर पद्धतीत हात घालायचा नाही.

खरी माहिती तिने एका फोल्डरमध्ये ठेवली आणि मला म्हणाली, "ह्याला पासवर्ड तू घाल. मला सांगू नकोस."

"आणि मी विसरलो तर?"

"तू? गेल्या दिवाळीला पणत्या किती आणल्या ते तुला आठवतं."

त्या दुर्बिणीची माहिती जगात कुणालाही फुकट मिळते. तिला चोरून बघायचंच असतं तर पुन्हा उतरवून घ्यायला अर्धा दिवस पुरला असता. वर्षभराहून जास्त ते कुलूप माझ्याकडे होतं, आणि तिने एकदाही, थट्टेतसुद्धा, पासवर्ड विचारला नाही. स्टोअर्सच्या किल्ल्या मी वीस वर्षं सांभाळतोय. किल्ली न मागणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तर त्या शनिवारी कुलूप उघडायचं होतं. आई म्हणाली, असं काही करायचं तर गाऱ्हाणं घालायला हवं. आम्ही मूळचे मालवणकडचे. तिकडे कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला मोठ्या आवाजात सांगणं सांगतात आणि जमलेल्यांनी त्याला होकार द्यायचा असतो. खरं तर हे घरच्या पुरुषाने म्हणायचं, पण माझ्या तोंडी ते शोभत नाही असं आईचं जुनं मत आहे. तिने लॅपटॉपपुढे नारळ ठेवला, पदर सारखा केला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरची सून जो काय डबो उघडता हा, तेच्यात तिका व्हया तां गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"मोठ्यान म्हण."

"व्हय म्हाराजा!"

बायको हसू दाबत म्हणाली, "आई, 'हवं ते' नका म्हणू. 'असेल ते' म्हणा."

"गाऱ्हाण्यात मागसून दुरुस्ती करूची नसता," आई म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

मी पासवर्ड टाकायला पुढे झालो. "तोंड फिरव."

"आता? उघडतोयसच ना!"

"फिरव."

तिने फिरवलं. एकवीस दीर्घिकांचे आकडे अपेक्षेच्या जवळपास आले, थोडे खाली, थोडे वर. बाविसाव्या ठिकाणी एकाहत्तर. तिने तोंडावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मी विचारलं, हे आपोआप होऊ शकतं का? ती म्हणाली, बावीस ठिकाणी बघितलं तर एखादं नशिबाने वर जाऊ शकतं, तेही मी आधीच धरलंय, आणि तरी हे उरतं. "लक्ष द्यावं असं आहे. जाहीर करावं असं नाही," हे तिचे त्या दिवशीचे शब्द.

तिने सरांना फोन लावला. सरांचा आनंद फोनच्या बाहेर ऐकू येत होता. इकडे आईने सापडलं का म्हणून मला विचारलं, "गावला?"

"काहीतरी जास्त आलंय, आई. अजून तपासायचं—"

आईने पुढचं ऐकलं नाही. चपला घालून ती लिफ्टपाशी पोचलीसुद्धा.

तळमजल्यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. तेही मालवणकडचेच, आईच्या माहेरच्या शेजारच्या गावचे, त्यामुळे दोघांचं अगदी मेतकूट. गाऱ्हाणं घातलं, डबो उघडला आणि गावला, असं आईने त्यांना सांगितलं. एवढं त्यांना पुरेसं होतं. सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा गेटवर फ्लेक्स लागलेला होता. "डार्क मॅटरचा शोध लावून सोसायटीचे नाव विश्वात उज्ज्वल केल्याबद्दल आमच्या वहिनींचे हार्दिक अभिनंदन!" मध्यभागी बायकोचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. खाली व्यवस्थापक समितीच्या सात जणांचे फोटो, प्रत्येक तिच्या फोटोएवढाच. मागे निळीजांभळी चक्राकार दीर्घिका.

बायको रिक्षातून उतरली आणि तिथेच उभी राहिली.

"ही आमची नाहीच," ती म्हणाली. "ही केवढी मोठी आहे! आमच्या बटूंना असे हातपाय नसतात."

"ते राहू दे. मजकूर वाचलास का?"

"वाचला. म्हणूनच दीर्घिकेबद्दल बोलतेय."

सेक्रेटरी धावत आले. "काय वहिनी, कसा वाटला? सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर तुमचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ. दोन शब्द बोलायचे."

"अहो काका, पण शोध लागलेला नाहीये. नुसता एक आकडा जास्त आलाय."

"जास्त आला ना? मग झालं तर!"

तिने त्यांना दहा मिनिटं समजावलं. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही मोठी माणसं असंच म्हणता."

तिची पीएचडीची नोंदणी मार्चअखेर संपत होती. एकच प्रकरण लिहायचं राहिलं होतं, ते याच निकालाचं. सर म्हणाले होते, 'संभाव्य संकेत' असं नाव दे, प्रबंध मार्चमध्ये जाईल, निबंधही चांगल्या ठिकाणी छापून येईल. एवढी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट हाताला लागल्यासारखी होती. आणि ती खूश नव्हती, हे मला दिसत होतं.

गुरुवारी सकाळी मी चहा ठेवत होतो. तिने टेबलावरून हाक मारली, "इकडे ये जरा. हे बघ."

पडद्यावर एक आलेख होता. डावीकडून उजवीकडे वर्षं. बाकी सगळीकडे अधूनमधून एकेक रेघ, आणि एका जागी रेघांचा ढीग.

"हे काय?"

"ते एकाहत्तर कण कधी कधी आले ते. डार्क मॅटर असेल तर ते वर्षानुवर्षं सारखंच येत राहायला हवं. त्याला कसली घाई नाही, कसला हंगाम नाही. आणि हे बघ. जास्तीच्या तेवीसांपैकी एकोणीस ह्या पाच महिन्यांत आलेत. आधी आणि नंतर जवळजवळ नेहमीचेच भटके."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी दिवा लावला आणि विझवला. मागे, खूप मागे, दुसरीच एक दीर्घिका आहे. तिच्या पोटातलं कृष्णविवर मध्येच भडकतं आणि शांत होतं. आमची बटू बिचारी तिच्या रेषेत पुढे उभी आहे, एवढंच. आकाशात गॅमा किरण कुठून कुठून येतात त्या माहीत स्रोतांची मी वापरलेली यादी थोडी जुनी होती, त्यात ही मागची नाही. नव्या यादीत आहे."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करून आलो तेव्हा ती डोळे पुसत नव्हती की काही नाही, नव्या यादीतली त्या दीर्घिकेची जागा पुन्हा पुन्हा ताडून बघत होती. तीन वेळा बघितली. मग सरांना फोन केला आणि मला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर ठेवला.

सर चांगला माणूस आहे, हे आधी लिहितो. त्यांचं म्हणणं असं: "पद्धत तू आधी ठरवलीस. ती बंद पाकिटात माझ्याकडे आहे. वर्षांची विभागणी त्या पद्धतीत नव्हती. उघडल्यावर नवीन तपासणी करायची नाही हा तुझाच नियम. पद्धतीने जे दिलं ते लिही. मागच्या दीर्घिकेचं बाकीचे लोक बघतील."

"पण सर, मला माहीत आहे ना."

"तुला माहीत आहे, पण तुझ्या पद्धतीला माहीत नाही. आणि सगळं नव्या यादीने करायचं म्हटलंस तर बावीसच्या बावीस पुन्हा मोजाव्या लागतील. मार्चला पोचणार आहेस का?"

"नाही."

"मग विचार कर."

फोन ठेवल्यावर मी सरांची बाजू घेतली. मला त्यांचं बोलणं बिनतोड वाटलं. स्टोअर्समध्ये मोजणीची तारीख एकदा ठरली की नंतर सापडलेला माल त्या मोजणीत घुसवता येत नाही. तो पुढच्या मोजणीत. नियम म्हणजे नियम. मी तिला तसं म्हणालो.

"तुझ्या स्टोअर्समध्ये मोजणीनंतर कळलं की एका रॅकवरचा माल शेजारच्या कारखान्याचा आहे, तर?"

"तर शेरा लिहायचा."

"आणि ताळेबंदात तो आपला म्हणून दाखवायचा?"

मी उतू गेलेला चहा पुसायला घेतला.

"अरे, तो नियम माझे डोळे झाकायला होता. मला खोटं आवडू नये म्हणून. आता खरं दिसल्यावर त्याच नियमाच्या मागे लपू?"

आई इतका वेळ टाकीतलं पाणी भरून ठेवत होती. ती बाहेर आली. "काय झाला? गावला नाय?"

"आई, गावलं," बायको म्हणाली. "पण आपलं नाही. मागे कुणीतरी दुसरा आहे, त्याचं."

आईने हातातली कळशी खाली ठेवली. दोन दिवस ती अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरली होती, आणि फ्लेक्सवर सुनेचा फोटो बघायला मुद्दाम दोनदा खाली गेली होती.

"दुसऱ्याचा असात तर परत देवक व्हया," ती म्हणाली. "नारळ माझो फुकट गेलो, पण काय करतलंस." आणि पुन्हा पाणी भरायला गेली.

त्या दिवशी बायकोने सरांना लांबलचक ईमेल लिहिलं. दोन्ही गोष्टी लिहीन, असं त्यात होतं. ठरलेल्या पद्धतीने एकाहत्तर आले, हे जसंच्या तसं. आणि उघडल्यानंतर केलेल्या तपासणीत ते दुसऱ्याचे निघाले, हेही, उघडल्यानंतर केली असं स्पष्ट सांगून. मग नव्या यादीने बावीसही दीर्घिका पुन्हा मोजेन. मार्च हुकला तर मुदतवाढ मागेन. शेवटी एक ओळ होती: "संकेत हा शब्द मी वापरणार नाही."

सरांचं उत्तर येत नव्हतं. आठवडाभर ती कॉलेजला गेली, पेपर तपासले, घरी आली, दर थोड्या वेळाने फोन बघितला. सरांनी सही दिली नसती तर मुदतवाढही मिळाली नसती, आणि साडेचार वर्षं तिथेच थांबली असती. हे तिला माहीत होतं, मलाही. मी एकदा म्हणालो, "पुन्हा फोन करू का?" ती म्हणाली, "तू कशाला? मी करीन." पण केला नाही.

दरम्यान ती सेक्रेटरींकडे जाऊन फ्लेक्स काढा म्हणून सांगून आली. ते म्हणाले, "वहिनी, दोन दिवसांवर कार्यक्रम आलाय. सत्कार होऊ द्या, मग काढू." ती म्हणाली, "मग सत्कारात मी खरं सांगणार." ते म्हणाले, "सांगा की! लोकांना कुठे काय कळतंय?" हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं. दहावीच्या मुलांचे सत्कार झाले, कॅरमच्या विजेत्यांचे झाले. मग सेक्रेटरींनी माईक हातात घेऊन, विश्वाचं कोडं आपल्या बी विंगमध्ये सुटलं आहे, असं जाहीर केलं. बायकोने शाल घेतली, नारळ घेतला आणि माईकही घेतला.

"सगळ्यांचे आभार," ती म्हणाली. "पण गेटवर जे लिहिलंय ते खरं नाही. डार्क मॅटर मला सापडलेलं नाही. जे सापडलं असं वाटलं, ते दुसऱ्याच एका दीर्घिकेचं निघालं. हे मला गेल्या गुरुवारी कळलं. फ्लेक्स त्याच्या आधीचा आहे, पण चूक माझ्या आकड्याने झाली, सेक्रेटरींची नाही."

खुर्च्यांमध्ये कुजबूज झाली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बस कंडक्टर, ज्यांना कुठल्याही सभेत बोलल्याशिवाय राहवत नाही, ते उभे राहिले. "म्हणजे मॅडम, नाही सापडलं म्हणून सत्कार? असं असेल तर आमचा पण करा. आम्हाला पण कधी नाही सापडलं."

लोक खदाखदा हसले. तीही हसली.

"काका, तुम्ही कुठे कुठे शोधलंत ते सांगा, तुमचाही करू."

"तुम्ही कुठे शोधलंत?"

"बावीस ठिकाणी. आणि एकवीस ठिकाणी नक्की सांगू शकते की, असलंच तर ते ह्या एवढ्यापेक्षा जास्त चमकत नाही." तिने बोटाची चिमूट दाखवली. "पुढे जो कुणी शोधेल त्याला तिथून पुढे शोधावं लागेल. आमच्याकडे ह्यालाच काम झालं म्हणतात."

"आणि बाविसावी?"

"ती पुन्हा मोजणार आहे. सगळ्याच मोजणार आहे."

कंडक्टर काका खाली बसले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळ्यांनी वाजवल्या. बऱ्याच जणांना काय झालं ते कळलं नसेल. एका बाईने सगळ्यांसमोर माईकवर आपला आकडा परत घेतला, एवढं कळलं असावं. मी मागच्या रांगेत उभा होतो. मला कुणीतरी खांद्यावर थाप मारली. कोण ते मी पाहिलं नाही, कारण त्या वेळी मला मान वळवायची नव्हती.

सेक्रेटरी थोडे हिरमुसले होते. पण खाली उतरताना त्यांनीच तिला हात दिला आणि म्हणाले, "वहिनी, पण फोटो चांगला आला होता ना?" "फोटो उत्तम होता," ती म्हणाली. आईने पुढे होऊन तिच्या हातातला नारळ काढून घेतला. "दी हयसर. उद्या सोलकढीक व्हयो." फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला आणि आता पंपाच्या खोलीवर पाणी गळू नये म्हणून घातलेला आहे, समितीची बाजू वर.

सरांचा निरोप त्याच संध्याकाळी आला. दोनच वाक्यं होती. "दोन्ही लिही. मुदतवाढीच्या अर्जावर सही करतो, सोमवारी ये." ती ते वाचून पलंगावर आडवी झाली आणि दिवे लागेपर्यंत झोपली. मी भाकऱ्या केल्या. तिघांनी तुकडे गोळा करून खाल्ल्या.

अर्ज द्यायला विद्यापीठाच्या कार्यालयात मी रजा काढून तिच्याबरोबर गेलो. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. "मार्गदर्शकांची सही आहे. कॉलेजचा शिक्का आहे. कारण... 'एका दीर्घिकेतील वाढीव आकडा तपासणीत टिकला नाही, त्यामुळे सर्व मोजणी पुन्हा करणे आवश्यक.' हे काय लिहिलंय, मॅडम?"

"कारण."

"असं कुणी लिहितं का? 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहा. पटकन होतं."

"प्रकृती ठणठणीत आहे हो."

"मग 'घरगुती अडचण' लिहा."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "घरगुती अडचण बरोबर आली आहे, पण उशीर तिच्यामुळे नाही झालेला."

बाई हसल्या. आत जाऊन कुणालातरी दाखवून आल्या. म्हणाल्या, "साहेब म्हणाले, चालेल. पण अर्जाची मुदत डिसेंबरात संपली, दंड पडेल."

मुदतवाढीचं शुल्क चार हजार, उशिराचा दंड पाचशे. वीजबिल असो की मालमत्ता कर, मी आजवर कुठलीच रक्कम मुदतीनंतर भरलेली नाही. तिने पर्स उघडली होती, पण हे माझ्या खात्यातून जायचं असं मी घरून निघतानाच सांगितलं होतं. विद्यापीठाला साडेचार हजार रुपये भरले. पावती तिच्या नावाने घेतली.